पाहुणी परदेशची, कागद आपल्या घरचे



आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली पोरे आता पुण्या-मुंबईवर थांबत नाहीत. वणीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, पुसदच्या हमालाचा पुतण्या, दारव्ह्याच्या शेतमजुराचा भाचा आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन दुबई, दोहा, मस्कत, सिंगापूरला जातो. कुणी एसी दुरुस्त करतो, कुणी हॉटेलात राबतो, कुणी गोदामाचा हिशेब ठेवतो. तिथे त्याच्यासोबत फिलिपिन्स, श्रीलंका, नेपाळ, व्हिएतनाम इथल्या मुलीही कामाला असतात. दोघेही घरापासून दूर, दोघेही महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवणारे. ओळख होते, मन जुळते आणि एक दिवस घरी फोन येतो.

असाच फोन आलेली एक आई परवा आमच्याकडे आली. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलगा चार वर्षांपासून दुबईत. मुलगी फिलिपिन्सची, तिथल्याच एका दुकानात कामाला. ती माउली म्हणाली, "भाऊ, पोरगा म्हणते, आई, मी तिले पंधरा दिवसांसाठी घेऊन येतो, तू एकदा पाहून घे. पण फॉरेनची पोरगी घरात ठेवली त पोलीस येतील काय? अन् आमच्या तालुक्याच्या गावचा एक जण म्हणते, पस्तीस हजार द्या, मी मॅरेज व्हिसा काढून देतो."

या एका प्रश्नात तीन भीती आहेत. पोलिसांची भीती, पैशाची भीती आणि लोक काय म्हणतील ही भीती. तिन्हींचे मूळ एकच, कागद कसा असतो हे ठाऊक नसणे. आम्ही कारकून माणूस. आयुष्य टिपणी आणि पोच यांत गेले. म्हणून या आठवड्याला हाच विषय घेतला आहे. सांगायचे एवढेच आहे की पर्यटक व्हिसा ही भेटीची परवानगी आहे. भेटीला भेटच राहू द्यावे. अर्जात खरे लिहावे, पाहुणीची नोंद वेळेत करावी आणि तिला मुदतीच्या आत सन्मानाने परत पाठवावे. एवढे केले तर भ्यायचे कारण नाही आणि एजंटाचीही गरज नाही.

व्हिसा कुणाचा, अर्ज कुणाचा?

आपला मुलगा दुबईला गेला तेव्हा त्याला त्या देशाचा व्हिसा लागला. तसाच त्या मुलीला आपल्या देशात यायला भारताचा व्हिसा लागतो. तो तिच्या पासपोर्टवर, तिच्या नावाने मिळतो. अर्जदार तीच. आपण यवतमाळात बसून तिचा अर्ज करत नाही, आपण फक्त तिला आपली माहिती पुरवतो. जो एजंट तिला न भेटता, तिचा पासपोर्ट न पाहता, "मी आतून काम करून देतो" म्हणतो, तो आपल्याला फसवतो आहे असे खुशाल समजावे. "मॅरेज व्हिसा" नावाचा प्रकार आपल्याकडे नाही. विवाह झाल्यावर भारतीय नागरिकाच्या परदेशी पती-पत्नीला एंट्री व्हिसा मिळतो, त्याला एक्स व्हिसा म्हणतात. पण तो झालेल्या आणि नोंदलेल्या विवाहावर मिळतो, होणाऱ्या लग्नावर नाही.

मग लग्न न झालेली मुलगी आपल्या घरी कोणत्या कारणाने येणार? इथे पुष्कळ लोक उगाच घाबरतात आणि खोटे लिहायला जातात. कुणी सांगते ताजमहाल लिहा, कुणी सांगते योगाचा वर्ग लिहा. काही गरज नाही. भारत सरकारच्या नियमात पर्यटक व्हिसाचे जे हेतू दिले आहेत, त्यांत प्रेक्षणीय स्थळे पाहणे आहे, तसेच मित्र आणि नातेवाईक यांना भेटणे हेही स्पष्ट आहे. मित्राच्या घरी जाणे हा गुन्हा नाही, लपवायची गोष्ट तर नाहीच नाही. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात अविवाहित असेल तर तिने अविवाहितच लिहावे. धर्माचा रकाना असतो, तिथे तिचा जो धर्म असेल तोच लिहावा. आमच्यातला एखादा उत्साही कार्यकर्ता म्हणेल, आपल्या घरी येतेच आहे तर बौद्ध लिहून टाका. तसे करू नये. दुसऱ्याच्या पोरीचा धर्म परस्पर लिहिणे हा कसला धम्म?

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना भारतात यायला व्हिसा लागत नाही. त्यांनी पासपोर्ट किंवा त्यांच्या सरकारचे ओळखपत्र सोबत ठेवावे. बाकीच्यांसाठी ई-व्हिसाचा रस्ता सोपा आहे. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ही सोय ४३ देशांसाठी सुरू झाली. आज १६० हून अधिक देशांच्या नागरिकांना ती मिळते. फिलिपिन्स, थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंका, जपान हे देश त्यात आहेत. ज्या देशांना ही सोय नाही, तिथल्या नागरिकांनी भारतीय वकिलातीत कागदी अर्ज करायचा असतो.

अर्ज भरताना

ई-व्हिसाचा अर्ज भारत सरकारच्या 'इंडियन व्हिसा ऑनलाइन' या संकेतस्थळावर भरतात. त्याच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' असते, हे मुलाला नीट सांगावे. सरकारी असल्यासारखी दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत. सरकारी फी देशानुसार आणि मुदतीनुसार वेगळी असते, ती कार्डाने भरावी लागते आणि व्हिसा नाकारला गेला तरी परत मिळत नाही. म्हणून अर्ज घाईने भरू नये.

मुलीचा पासपोर्ट ती येईल त्या दिवसापासून किमान सहा महिने चालणारा हवा आणि त्यात शिक्के मारायला दोन कोरी पाने हवीत. नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच लिहायचे. घरात तिला कोणत्या नावाने हाक मारतात याच्याशी अर्जाला देणेघेणे नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीचा चौकोनी फोटो आणि पासपोर्टच्या माहितीच्या पानाची प्रत लागते. आई-वडिलांची नावे, नोकरीचा तपशील, गेल्या काही वर्षांत कोणते देश पाहिले, हेही विचारतात. एका अक्षराची चूक विमानतळावर तासभर उभे करते.

पर्यटक ई-व्हिसा ३० दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा असा तीन प्रकारचा असतो. पंधरा दिवसांच्या भेटीला ३० दिवसांचा पुरेसा आहे. त्याचा अर्ज यायच्या तारखेआधी किमान चार दिवस आणि फार तर ३० दिवस करता येतो. आमचे सांगणे असे की चार दिवसांवर येऊ देऊ नका, दोन-तीन आठवडे हातात ठेवा. एक आणि पाच वर्षांच्या व्हिसाचा अर्ज १२० दिवस आधीपासून करता येतो. पण पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षे राहायची मोकळीक नव्हे. एका कॅलेंडर वर्षात एकूण १८० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही.

३० दिवसांच्या व्हिसात एक बारीक गोष्ट आहे. त्या कागदावर मुदतीची जी तारीख छापलेली असते, ती भारतात केव्हापर्यंत प्रवेश करता येईल याची असते. राहण्याचे ३० दिवस ती उतरते त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे १ तारखेला उतरली तर ३० तारखेच्या आत निघालीच पाहिजे. आम्ही तर म्हणू, २६ व्या-२७ व्या दिवसाचेच तिकीट काढावे. विमान चुकते, ताप येतो, रस्ता बंद होतो. ई-व्हिसाची मुदत वाढवून मिळेल या भरवशावर राहू नये.

मंजुरीचा ई-मेल आला की संकेतस्थळावर स्थिती 'ग्रँटेड' दिसते का ते पुन्हा पाहावे आणि मगच पक्के तिकीट काढावे. मंजुरीच्या कागदाची छापील प्रत आणि परतीचे तिकीट तिच्या हातात असावे. ई-व्हिसावर ठरलेल्या विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो. मुंबई, दिल्ली, हैदराबाद, पुणे त्यात आहेत, आपले नागपूरही आहे. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी पाहुण्यांना उतरण्याआधीच्या ७२ तासांत ई-अरायव्हल कार्ड भरायचे असते. त्याला फी नाही. कुणी त्याचे पैसे मागितले तर तो लबाड.

मुलगी तिसऱ्याच देशात, समजा दुबईत, नोकरीला असेल तर आणखी एक पाहावे. तिथला तिचा राहण्याचा परवाना ती परत जाईपर्यंत चालू हवा. आपल्याकडे येणे जमले आणि परत नोकरीवर जाणे अडले, तर त्या पोरीच्या मागे असलेल्या घराची चूल विझेल. तिचेही आई-बाप तिच्या पगाराची वाट पाहत असतात.

आपल्या घरचे काम

आता आपल्या वाट्याचे काम. अर्जात भारतातला एक संदर्भ मागतात. नाव, पत्ता, फोन. तिथे ज्याच्या घरी ती उतरणार त्याचेच नाव द्यावे आणि त्याला ते आधी सांगावे. आपल्या वस्त्यांत घरांना क्रमांक नसतात, पत्ता म्हणजे 'विहाराच्या मागे'. तरीही वॉर्ड, गाव, तालुका, जिल्हा, पिन कोड असा पूर्ण पत्ता इंग्रजीत लिहून तिला पाठवावा. विमानतळावरचा अधिकारी तिला विचारतो, कुठे राहणार, कुणाकडे? त्याने फोन लावला तर उचलणाऱ्याने गडबडून "आम्ही नाही ओळखत" म्हणू नये. असे घडते. फोनवर पोलिसाचा आवाज ऐकला की आपली माणसे हात झटकतात.

दुसरे काम सर्वांत महत्त्वाचे. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची नोंद सरकारकडे करावी लागते. यालाच आजवर 'सी फॉर्म' म्हणत आले आहेत. पुष्कळांना वाटते की हा नियम लॉज-हॉटेलांना आहे. तसे नाही. घरात ठेवून घेणाऱ्यालाही तो लागू आहे. पाहुणी आधी नागपूरच्या लॉजमध्ये उतरली तर ते काम लॉजवाला करील. तुमच्या घरी आली की ते तुमचे. नोंद ऑनलाइन होते. पण त्यासाठी घरमालकाला आधी आपले खाते उघडावे लागते, ओळखीचा आणि घराचा पुरावा द्यावा लागतो. हे पाहुणी दारात उभी असताना करायचे काम नाही. ती यायच्या आठ-दहा दिवस आधी उरकावे. आपल्या जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदीचे काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असते. ऑनलाइन जमत नसेल तर तिथे जाऊन विचारावे. जवळच्या पोलीस ठाण्यातही पासपोर्ट, व्हिसा आणि विमानतळावरच्या शिक्क्याच्या छायाप्रती अर्जासोबत द्याव्यात. आणि आमच्या नोकरीतला धडा लक्षात ठेवावा. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नये.

आता त्या माउलीची भीती. पोलीस येतील काय? येतीलही. एखादा शिपाई येऊन पासपोर्ट पाहून जाईल. येऊ द्यावे. पाणी द्यावे, पोच दाखवावी. आपल्या समाजाने पोलीस ठाण्याची पायरी बहुतेक वेळा अन्याय झाल्यावरच चढली आणि तिथेही पुष्कळदा दुसरा अन्याय पदरी घेऊन परतला. त्यामुळे ठाण्याचे नाव काढले की छातीत धडधडते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण पाहुणीला लपवून ठेवले की आपण स्वतःच आपली बाजू लंगडी करतो. शेजाऱ्याशी नळावर भांडण झाले तरी तो उद्या ठाण्यात जाऊन सांगेल, यांच्या घरी परदेशी बाई लपवली आहे. पोच खिशात असली तर त्याच शेजाऱ्याचे तोंड बंद होते.

कायदाही आता कडक झाला आहे. परदेशी नागरिकांविषयीचे १९२०, १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे आणि २००० चा वाहतूकदारांविषयीचा कायदा रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५ लागू झाला. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बनावट कागद वापरले तर दोन ते सात वर्षे कैद आणि एक ते दहा लाख रुपये दंड. पस्तीस हजारांत "आतून काम" करणारा एजंट त्या वेळी फोन बंद करून बसलेला असेल. कोठडीत ती पोरगी जाईल आणि कोर्टाच्या चकरा आपला पोरगा मारील.

पर्यटक व्हिसावर तिने नोकरी करायची नाही, मोबदला घ्यायचा नाही, धर्मप्रचार करायचा नाही. पण फिरायला मोकळीक आहे. विहारात वंदनेला बसायला, दीक्षाभूमी पाहायला, कामठीचे ड्रॅगन पॅलेस पाहायला, पांढरकवड्याजवळ टिपेश्वरच्या जंगलात जायला कसलीच आडकाठी नाही. आजारी पडून मुदतीत निघणे खरोखर अशक्य झाले, तर मुदत संपायच्या आधी डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन पोलीस अधीक्षक कार्यालयात जावे. मुदत संपल्यावर गेलात तर ऐकून घेणारे कमी भेटतात.

लग्नाची घाई नको

मुलगी आली, आईला आवडली, की नातेवाईक म्हणतात, आलीच आहे तर उरकून टाका. दोन पाटीलक्या करणारे मामा-काका मंडपवाल्याला फोनही लावतात. इथे जरा हिशेब मांडू या.

परदेशी नागरिकाशी विवाहाचा सरळ मार्ग म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४. त्यानुसार वर-वधूपैकी एकाने तरी नोटीस देण्याआधी सलग किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेले असावे लागते. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती लावल्यावर हरकतींसाठी आणखी ३० दिवस. त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर विवाह. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर पुन्हा नवी नोटीस. म्हणजे ३० आणि ३० मिळून ६० दिवस झाले. मुलाची रजा बहुधा ३० ते ४५ दिवसांची. मुलीचा व्हिसा ३० दिवसांचा. हिशेब कुठेच जुळत नाही. शिवाय ती अविवाहित असल्याचा तिच्या देशाचा दाखला लागतो, तो आणायलाही वेळ जातो.

कुणी म्हणेल, विहारात भन्तेजींच्या हस्ते मंगलपरिणय लावून घेऊ, कागद नंतर पाहू. मंगलपरिणयाचे पावित्र्य आम्ही मानतो. पण विवाह अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र नसेल तर एंट्री व्हिसाच्या अर्जाला काय जोडणार? नुसते फोटो दाखवून ती पत्नी आहे हे सिद्ध होत नाही, आणि उद्या काही वाईट झाले तर त्या मुलीच्या हातात स्वतःच्या हक्काचा एकही कागद नसतो. परक्या देशात, परक्या भाषेत, बिनकागदाची बायको होण्याइतकी असहाय अवस्था दुसरी नाही. आपल्या मुलीला कुणी तसे ठेवले तर आपण मोर्चा काढू. बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला तो नोंदणी पद्धतीनेच. नोंदणीचा कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही.

म्हणून पहिली भेट भेटीसाठीच असू द्यावी. दोघांचे नक्की ठरले तर पुढच्या वेळी मुलाने मोठी रजा घ्यावी आणि मुलीने पुरेशा मुदतीचा व्हिसा घ्यावा. किंवा परदेशातच भारतीय वकिलातीत परदेशी विवाह कायदा, १९६९ खाली विवाह होतो का, ते दोघांनी तिथे विचारावे. दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असला की तो कायदा लागू होतो. नोंदणी झाल्यावर एंट्री व्हिसा मागता येतो. नोंदलेला विवाह दोन वर्षे सलग टिकला की परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. आणि भारतीयाशी विवाह झालेल्या व्यक्तीने सात वर्षे भारतात वास्तव्य केले तर नोंदणीने नागरिकत्व मागता येते. भारतात दोन देशांचे नागरिकत्व चालत नाही, त्यामुळे तो निर्णय तिचा, तिने पूर्ण विचार करून घ्यायचा.

आपल्यात रमलेली माणसे

"परदेशाची पोर आपल्यात रमते का?" असे विचारणाऱ्यांना आम्ही डॉ. गेल ऑम्व्हेट यांचे नाव सांगतो. अमेरिकेत १९४१ साली जन्मलेल्या गेलताई १९६३ मध्ये पहिल्यांदा भारतात आल्या. पुढे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासासाठी पुन्हा महाराष्ट्रात आल्या. १९७३ मध्ये त्यांना बर्कलेच्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. १९७६ मध्ये त्यांनी डॉ. भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला संसार मांडला. सासूबाई इंदुताई पाटणकर या स्वातंत्र्यसैनिक. १९८३ मध्ये गेलताई भारताच्या नागरिक झाल्या. फुले-आंबेडकरी चळवळीवर, बौद्ध धम्मावर, स्त्रियांच्या लढ्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचे निधन झाले. पहिल्या भेटीपासून नागरिकत्वापर्यंत वीस वर्षे गेली. या क्रमात घाई कुठेच दिसत नाही. आधी येणे, मग समजून घेणे, मग विवाह, मग नागरिकत्व.

दुसरे नाव आपल्या विदर्भातल्या घराघरात ठाऊक आहे. जपानमध्ये जन्मलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई १९६० च्या दशकात भारतात आले आणि नागपूरला आपले मानून राहिले. हजारोंना त्यांनी धम्मदीक्षा दिली. तरीसुद्धा व्हिसाच्या मुदतीच्या मुद्द्यावरून १९८७ मध्ये त्यांच्यावर प्रकरण उभे राहिलेच. ते निकालात निघाले आणि त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले, हा आनंदाचा भाग. पण ज्यांच्यामागे इतका मोठा समाज उभा होता त्यांनाही कागदाने गाठले, तर दुकानात काम करणाऱ्या एकट्या पोरीची काय कथा? तिच्यामागे उभे राहायला आपले एक घर आहे. त्या घराने तरी जागे असावे.

आणि घरातले वागणे

शेवटी थोडे घरच्या बायाबापड्यांसाठी. पाहुणी यायच्या आधी मुलाला सांगून तिच्या आई-वडिलांशी फोनवर दोन शब्द बोला. भाषा येत नसली तरी मुलगा सांगेल. "तुमची मुलगी आमच्याकडे सुखरूप आहे, अमुक तारखेला परत निघेल," एवढे ऐकले की त्या आईच्या जिवात जीव येतो. तिला झोपायला वेगळी जागा द्या, मच्छरदाणी द्या, पाणी उकळून द्या. आपल्या ठेच्याची परीक्षा पहिल्याच दिवशी घेऊ नका. तिचा पासपोर्ट तिच्याजवळच राहू द्या. "सांभाळून ठेवतो" म्हणून कपाटात कुलूपबंद करणे चांगल्या घराचे लक्षण नाही. ती नको म्हणाली, नाते पुढे न्यायचे नाही असे तिला वाटले, तर तेही ऐकून घेण्याची तयारी ठेवा. भेटीचा अर्थच तो आहे. आपण तिला पाहतो, तशी तीही आपल्याला पाहते.

लोकांचे म्हणाल तर लोक आठ दिवस बोलतात. चावडीवर कुणी विचारले, "कोण हो ही?" तर मान वर करून सांगावे, "आमच्या पोराची मैत्रीण आहे, आम्हाला भेटायला आली आहे, पोलिसांत नोंद आहे." एवढ्या वाक्यानंतर विचारणाऱ्यापाशी फारसे काही उरत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी असा फोन आला असेल त्यांनी पस्तीस हजार कुणाला देऊ नयेत. एक वही घ्यावी. पहिल्या पानावर पाहुणीचे पासपोर्टवरचे नाव, उतरण्याची तारीख आणि परत निघण्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी. दुसऱ्या पानावर नोंदीसाठी खाते केव्हा उघडले, पोच कुणी दिली, हे लिहावे. तिसरे पान घरखर्चाला ठेवावे. अडचण आली तर आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या पोरीबाळींना सोबत घ्यावे, संगणकावरचे हे काम त्यांना आपल्यापेक्षा चांगले जमते. वही घेऊन आमच्याकडेही यावे. रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही विहारातच असतो.

सर्वांना जयभीम.